पुण्याच्या नद्यांमधले मासे मोजणारे कर्नल साइक्स आणि १८३९ ची ती यादी

शिंगटी, घोगरा, मळ्या, कोळस. पश्चिम महाराष्ट्रात नदीकाठी वाढलेल्या माणसाला ही नावं नवी नाहीत. बाजारात भोयाच्या पाटीसमोर उभं राहून भाव करताना ती सहज तोंडात येतात. पण हीच नावं जगभरातल्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांतही आहेत, आणि तीही लॅटिन शास्त्रीय नावांचा भाग म्हणून. मिस्टस सींगटी. रीटा गोग्रा. गारा मुल्ल्या. हिप्सेलोबार्बस कोलस.

या प्रत्येक नावाच्या पुढे एक आडनाव आणि एक साल लिहिलेलं असतं. साइक्स, १८३९.

हे साइक्स म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतले अधिकारी विल्यम हेन्री साइक्स. पेशवाई बुडाली त्या लढाईत ते इंग्रजांच्या बाजूने होते. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले, ब्रिटिश संसदेत खासदार झाले. पण महाराष्ट्रातल्या नद्यांचं काय झालं हे आज कुणाला शोधायचं असेल, तर त्याला साइक्स यांनी केलेल्या माशांच्या यादीपर्यंत मागे जावंच लागतं. कारण मुळा, मुठा, इंद्रायणी, भीमा आणि घोड या नद्यांवर मोठी धरणं व्हायच्या आधी, त्यांत शहराचं सांडपाणी शिरायच्या आधी आणि बाहेरचे मासे यायच्या आधी त्या पाण्यात काय पोहत होतं, याची पहिली शास्त्रीय नोंद तीच आहे.

तेराव्या वर्षी फौजेत

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. १८०३ मध्ये, म्हणजे आजच्या हिशेबाने सातवी-आठवीच्या वयात, ते कंपनीच्या लष्करी नोकरीत दाखल झाले. त्या काळी हे काही विशेष नव्हतं. घरची ओळख असली की पोरगं कॅडेट म्हणून जहाजात बसायचं आणि जगलं-वाचलं तर अधिकारी होऊन परत यायचं.

१८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात ते होते. १८१० मध्ये त्यांनी हिंदुस्तानी आणि मराठी या दोन भाषांची दुभाष्याची परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. ही मराठी पुढे फार कामाला आली. कंपनीला ती कारभारासाठी हवी होती, पण तिचा एक अनपेक्षित फायदा माशांच्या नावांना झाला.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि कंपनीची फौज समोरासमोर आली. खडकी मुळेच्या काठावर आहे. त्या आणि त्यानंतरच्या पुण्याच्या लढाईत साइक्स देशी पलटणीचं नेतृत्व करत होते. पुढे त्याच पाण्यातले मासे ते मोजणार होते, पण तेव्हा त्यांच्या दृष्टीने मुळा म्हणजे ओलांडायची किंवा अडवायची एक रेषा असणार.

१८१८ नंतर पेशव्यांचा मुलूख कंपनीकडे गेला. साइक्स १८२० मध्ये युरोपात गेले, चार वर्षं तिकडे फिरले आणि १८२४ मध्ये परत आले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना एक नवंच काम दिलं. पदाचं नाव होतं स्टॅटिस्टिकल रिपोर्टर.

जिंकलेल्या मुलखाची मोजदाद

आज आकडेवारी गोळा करणं हे कंटाळवाणं सरकारी काम वाटतं. १८२४ मध्ये ते तसं नव्हतं. कंपनीच्या हातात अचानक एक अख्खा प्रदेश आला होता आणि त्यात किती माणसं राहतात, जमीन कुणाची, पीक काय, पाऊस किती, कर किती घेता येईल, हे तिला नेमकं माहीत नव्हतं. ते माहीत करून घेणं हे साइक्स यांचं काम. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे चार जिल्हे त्यांच्याकडे होते. त्यांच्या कागदांत या मुलखाला दख्खन म्हटलं जातं, त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये डुखुन.

हे काम ज्ञानाच्या निखळ प्रेमापोटी सुरू झालं नव्हतं, हे विसरून चालणार नाही. महसूल वसूल करायचा असेल तर आधी मोजावं लागतं. मात्र साइक्स यांना मोजण्याचीच ओढ होती. सरकारने मागितलं त्याच्या कितीतरी पुढे ते गेले.

त्यांनी लोकसंख्या मोजली. जमिनीच्या वहिवाटीच्या पद्धती लिहून काढल्या. वायुभारमापक आणि तापमापक घेऊन दख्खनच्या हवामानाची निरीक्षणं केली. पाणी किती तापमानाला उकळतं यावरून डोंगराची उंची कशी काढायची, यावर लिहिलं. वेरूळच्या लेण्यांवर लिहिलं. कोळिसुरा नावाच्या रानरेशमाच्या किड्यावर लिहिलं. दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली. त्यात त्यांनी वर्णन केलेला एक तुऱ्याचा चंडोल आजही इंग्रजीत त्यांच्या नावाने ओळखला जातो. इथल्या रानकुत्र्याचं म्हणजे कोळसुंद्याचं शास्त्रीय वर्णनही त्यांनी केलं आणि त्याला नाव दिलं डुखुनेन्सिस, म्हणजे दख्खनचा.

डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने त्यांचं पदच रद्द केलं. दुसरा कुणी असता तर कागद गुंडाळून पलटणीत परतला असता. साइक्स यांनी लष्करी कामातून सवलत मागून घेतली आणि जानेवारी १८३१ पर्यंत बसून अहवाल पूर्ण केले. मग ते इंग्लंडला गेले. योगायोग असा की त्याच वर्षाच्या अखेरीला चार्ल्स डार्विन नावाचा बावीस वर्षांचा तरुण बीगल जहाजातून जगप्रवासाला निघाला.

मोता मोला नदी

नोव्हेंबर १८३८ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीसमोर साइक्स यांचा एक निबंध वाचला गेला. विषय होता दख्खनचे मासे. त्याचा सारांश १८३९ मध्ये छापून आला आणि चित्रांसकट पूर्ण निबंध १८४१ मध्ये. त्यात चाळीसहून जास्त माशांची वर्णनं होती आणि त्यातले बहुतेक शास्त्राला नवे होते.

कुठला मासा कुठे सापडला हेही त्यांनी लिहिलं होतं. ही ठिकाणं वाचताना मराठी माणसाला आधी जरा अडखळायला होतं आणि मग हसू येतं. मोता मोला म्हणजे मुठा-मुळा. इंदेरानी म्हणजे इंद्रायणी. चाकुन म्हणजे चाकण. पैरगाव म्हणजे भीमेकाठचं पेडगाव. सीरूर म्हणजे घोड नदीवरचं शिरूर, जिथे तेव्हा इंग्रजांची छावणी होती.

नावं ठेवताना साइक्स यांनी दोन वाटा धरल्या. काही माशांना लंडनच्या ओळखीच्या लोकांची नावं दिली. यॅरेल, चिल्ड्रेन, व्हिगर्स, ऑगिल्बी ही सगळी तिकडची शास्त्रज्ञ मंडळी. त्या काळची ती रीतच होती. पण बहुतेक माशांसाठी त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडची नावं जशीच्या तशी उचलली. शिंगटीचं सींगटी झालं, घोगऱ्याचं गोग्रा, मळ्याचं मुल्ल्या. फुलुंगी, बोग्गट, पोटेल, ताकरी, खुद्री, नुक्ता ही नावं अशीच आली.

ही नावं कुठल्याही पुस्तकातली नव्हती. ती नदीत जाळं टाकणाऱ्यांची होती. यादीवर एका कर्नलचं नाव आहे, पण कुठला मासा वेगळा आणि कुठला तोच, ही पहिली पारख काठावरच्या लोकांनी आधीच करून ठेवलेली होती.

आता या यादीकडे नदीचा फोटो म्हणून बघा.

खुद्री म्हणजे निळसर परांचा दख्खनी महासीर. तो साइक्स यांना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला. महासीर हा वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा. पावसाळ्यात नदी फुगली की तो प्रवाहाच्या वर चढतो आणि गोटे-वाळूच्या तळावर अंडी घालतो. यॅरेलचं नाव दिलेला मोठा मांजरमासा, बॅगारिअस, मीटरभराहून मोठा होतो. त्याला खडकाळ तळ आणि जोरदार धार लागते. चिल्ड्रेनचं नाव दिलेला सिलोनिया हा दुसरे मासे खाऊन जगणारा शिकारी. असे मोठे शिकारी नदीत आहेत म्हणजे त्यांना पुरतील एवढे छोटे मासेही आहेत, आणि उन्हाळ्यात तग धरायला खोल डोहही आहेत.

मळ्या तर बोटभर. त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा अवयव असतो, ज्याने तो दगडाला चिकटून धारेत टिकून राहतो. दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. त्या दगडावर गाळ बसला तर मळ्याचं घर आणि जेवण एकदमच जातं.

आणि नुक्ता. हा इंद्रायणीत चाकणजवळ मिळाला. त्याच्या नाकाडावर शिंगासारखा मांसल फुगवटा असतो, म्हणून चित्रात तो कुणीतरी गंमत म्हणून काढल्यासारखा दिसतो. पण तो खरा आहे.

म्हणजे १८२० च्या दशकात पुण्याच्या आसपासच्या नद्या वाहत्या, खडकाळ, डोहांच्या आणि स्वच्छ होत्या. हे कुणी आठवणीतून सांगितलेलं नाही. मासेच तशी साक्ष देतात.

कंपनीच्या खुर्चीवर

साइक्स परत कधी त्या नद्यांच्या काठावर आले नाहीत. १८३३ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या उभारणीत त्यांचा हात होता, पुढे १८६३ मध्ये ते तिचे अध्यक्षही झाले. मधली दहा वर्षं मनोरुग्णांच्या व्यवस्थेची देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगावर काढली. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून गेले आणि १८५६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. लगेच पुढच्या वर्षी उठाव झाला आणि १८५८ मध्ये कंपनीचा राज्यकारभारच संपला. साइक्स तोवर स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे खासदार झाले होते आणि शेवटपर्यंत राहिले. चीनमधल्या ताइपिंग बंडावरही त्यांनी पुस्तक लिहिलं.

१६ जून १८७२ ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्या वेळी पुण्याजवळ खडकवासल्याला मुठेवर दगडी धरणाचं काम चालू होतं. ते १८७९ मध्ये पूर्ण झालं. साइक्स यांनी पाहिलेली मुठा तिथे थांबली.

नदीचा तलाव झाला की काय होतं

धरणाने माणसांना पाणी दिलं, याबद्दल वाद नाही. पुण्याचा नळ त्याच पाण्यावर चालतो. पण माशाच्या बाजूने बघितलं तर धरण म्हणजे दोन गोष्टी. वर चढायची वाट बंद होते, आणि भिंतीमागे वाहतं पाणी साचलेलं पाणी होतं.

साचलेल्या पाण्यात गाळ खाली बसतो. गोटे झाकले जातात. महासीरची अंडी गोट्यांच्या फटीत, खेळत्या पाण्यात वाढतात, ती गाळात गुदमरतात. धरणाच्या खाली उलटी तऱ्हा. तिथे नदी वर्षातले कित्येक महिने जवळजवळ कोरडी आणि मग विसर्ग सोडला की एकदम लोंढा. ज्या माशाचं प्रजनन पावसाच्या हळूहळू चढणाऱ्या पाण्यावर बेतलेलं आहे, त्याला हे वेळापत्रक कळत नाही.

खडकवासल्यानंतर पानशेत आणि वरसगाव आलं. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, ती कहाणी पुण्यात घराघरात आहे. मुळेवर १९२० च्या दशकात टाटांचं मुळशी धरण झालं. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला. त्या लढ्यात बुडालेल्या जमिनीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते योग्यच. पण आणखी एक गोष्ट घडली. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचं पाणी वीज तयार करण्यासाठी घाटाखाली, कोकणात वळवलं गेलं. मुळेचं तेवढं पाणी मुळेत राहिलंच नाही.

मग शहर वाढलं. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, पिंपरी-चिंचवड वेगळं. सांडपाणी नदीत गेलं की त्यातली घाण कुजवणारे जिवाणू वाढतात आणि ते पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. मासे विषाने मरतात असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ते गुदमरून मरतात.

यात तापमानाचाही हिशेब आहे, आणि तो साइक्स यांच्यासारख्या तापमापकवाल्या माणसाला नक्की आवडला असता. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळा वाढला, नदी उथळ झाली, सावली देणारी काठावरची झाडं गेली, की सांडपाणी तेवढंच असूनही माशांचा श्वास आणखी कोंडतो. वर जलपर्णीचं पांघरूण असेल तर खालच्या पाण्याला उजेडही मिळत नाही आणि वाराही.

अशा पाण्यात सगळेच मासे मरत नाहीत. मरळ आणि मांगूर पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेऊ शकतात, ते टिकतात. महासीर आणि मळ्याला ती सोय नाही. त्यामुळे नदीत मासे आहेत का, या प्रश्नाचं उत्तर हो असू शकतं आणि तरीही नदी साइक्स यांच्या यादीतली नसू शकते.

यात भर पडली पाहुण्यांची. आफ्रिकेतला तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. महाराष्ट्रात त्याला चिलापी म्हणतात. तो साचलेल्या पाण्यात मजेत राहतो, वर्षातून अनेकदा वितो आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, त्यामुळे ती फार दगावत नाहीत. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आणि आज उजनीचा मासा म्हटलं की चिलापीच डोळ्यांसमोर येते. अनेक कुटुंबांची चूल तिच्यावर पेटते, तेव्हा तिला नुसती शिवी देऊन भागत नाही. पण पेडगावला साइक्स यांनी भीमेतून काढलेल्या माशांमध्ये ती नव्हती.

एका नावाचा घोळ आणि कावेरीतला मासा

साइक्स यांच्या यादीत एक कच्चा दुवा होता. त्यांनी वर्णनं दिली, चित्रं दिली, पण ज्या प्रत्यक्ष माशांवरून ती केली त्यातले बहुतेक नमुने आज कुठल्याच संग्रहालयात सापडत नाहीत. त्यामुळे अमुक नाव नेमकं कुठल्या माशाचं, हा वाद झाला तर बाटलीतला मूळ मासा काढून बघता येत नाही.

असा वाद झाला मुसुल्लाह या नावावरून. हा मासा साइक्स यांना शिरूरला घोड नदीत मिळाला होता. विसाव्या शतकात अभ्यासकांनी हे नाव दक्षिणेतल्या एका भलत्याच माशाला लावलं. कावेरीत पाठीला उंचवटा असलेला एक प्रचंड महासीर असतो, पन्नास किलोंच्या वर जाणारा. गळ टाकून मासेमारी करणाऱ्या जगभरच्या हौशी लोकांमध्ये तो प्रसिद्ध. त्याला पुस्तकांतून टॉर मुसुल्लाह म्हटलं जाऊ लागलं.

इकडे लोणावळ्यात १९७० च्या दशकापासून वेगळंच काम चालू होतं. महाराष्ट्राचे मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी खुद्री महासीरच्या प्रजननाचा बारकाईने अभ्यास केला होता आणि टाटांच्या वीज कंपनीच्या तलावाकाठी महासीरची अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र उभं राहिलं. धरणांमुळे मासा कमी झाला, तर धरणवाल्यांनीच तो वाढवावा, ही कल्पना चांगली होती. पिल्लं मोठ्या संख्येने झाली. ती देशभरातल्या नद्यांत सोडली गेली. त्यात कावेरीही होती.

कावेरी ही खुद्रीची नदी नव्हे.

१९९० च्या दशकात कावेरीत निळ्या परांचे महासीर गळाला लागू लागले. पुढे तिथल्या मासेमारी शिबिरांमधल्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा दिसलं की निळ्या परांचा पाहुणा वाढत गेला आणि उंचवट्याचा मूळ महासीर दिसेनासा होत गेला. नदीत महासीर भरपूर आहेत, असं वरवर वाटत होतं. ते दुसरेच महासीर होते.

त्या कावेरीच्या माशाला वाचवायचं तर त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत घ्यावं लागणार होतं, आणि त्यासाठी त्याला एक पक्कं शास्त्रीय नाव हवं होतं. तेच नव्हतं. २०१३ मध्ये अभ्यासकांनी साइक्स यांचं जुनं वर्णन आणि कृष्णेच्या खोऱ्यातले मासे पुन्हा ताडून पाहिले आणि दाखवून दिलं की घोड नदीचा मुसुल्लाह हा महासीर नव्हताच, तो कोळसाच्या गोत्रातला हिप्सेलोबार्बस होता. म्हणजे कावेरीचा राक्षस बिननावाचा उरला. २०१८ मध्ये त्याची ओळख पटली. केरळात कावेरीच्या एका उपनदीतून २००७ मध्ये वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच. त्याच वर्षी तो अतिधोक्यातल्या प्रजातींत नोंदवला गेला.

गंमत म्हणावी की दुर्दैव, पण या गोष्टीतले दोन्ही मासे साइक्स यांच्या यादीतले. एकाचं नाव चुकून दक्षिणेत गेलं आणि दुसरा स्वतःच पोत्यांतून तिकडे पाठवला गेला.

खुद्रीची स्वतःची नोंद मात्र सुधारली. पूर्वी तो धोक्यातल्या यादीत होता, अलीकडच्या मूल्यमापनात त्याला किमान चिंतेच्या गटात टाकलं आहे. ही बातमी आली तेव्हा समाजमाध्यमांवर आनंद झाला. तो समजण्यासारखा आहे. पण एखादा मासा देशात भरपूर असणं आणि तो मुळा-मुठेत असणं, यात बराच फरक आहे.

यादी अजून संपलेली नाही

साइक्स यांच्यानंतर पुण्याचे मासे पुन्हा मोजले गेले. १९४२ मध्ये, मग १९६३ मध्ये, आणि त्यानंतर पुण्यातल्या महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी वेळोवेळी. प्रत्येक पिढीने आपल्या काळची नदी लिहून ठेवली. मत्स्यशास्त्रात १९९५ पासून एक संज्ञा वापरली जाते, सरकती आधाररेषा. म्हणजे माणूस आपल्या लहानपणी पाहिलेल्या नदीलाच मूळ नदी समजतो आणि तिथपासूनची घट मोजतो. त्याच्या आजोबांनी गमावलेलं त्याच्या हिशेबात येतच नाही. ज्याने मुठा फक्त काळी पाहिली आहे, त्याला ती थोडी कमी काळी झाली तरी सुधारली असं वाटतं. १८३९ ची यादी हाताशी असली की ही पळवाट बंद होते.

यादीतली काही नावं आज अशी आहेत. सिलोनिया चिल्ड्रेनाय, धोक्यात. मुसुल्लाह, धोक्यात. नाकावर शिंग असलेला नुक्ता, तोही धोक्यात, पण कृष्णेच्या खोऱ्यात अजून मिळतो. शिंगटी बऱ्यापैकी टिकून आहे. मळ्या सह्याद्रीच्या अंगाला, जिथे ओढे अजून खळाळतात तिथे, दगडांना चिकटलेला सापडतो.

घोड नदीवर शिरूरच्या खालच्या अंगाला आता धरण आहे. चाकण देशातल्या मोठ्या वाहन उद्योगांचं गाव झालं आहे. तिथून जवळच वाहणाऱ्या इंद्रायणीच्या काठी देहूला लोक डोहातल्या महासीरांना देवाचे मासे म्हणून पिढ्यान् पिढ्या सांभाळत आले. खाली आळंदीला त्याच नदीवर पांढरा फेस तरंगतानाचे व्हिडिओ दर वर्षी फोनवर फिरतात. साइक्स यांच्या निबंधातलं नुक्त्याचं ठिकाण या भागातलंच आहे. पुण्याच्या उत्तरेला, इंदेरानी नदी, चाकुनजवळ.